गोव्यात एसीची फर्म काढताय? कोणता कागद कुठून आणि कोणत्या क्रमाने घ्यायचा

"दादा, एसीचं लायसन्स कुठं मिळतं?" माझ्याकडे काम शिकायला येणारा जवळजवळ प्रत्येक मुलगा वर्ष-दोन वर्षांनी हे विचारतो. डिचोली-पेडण्याची मुलं विचारतात, बांदा-दोडामार्गाहून रोज बसने येणारीही विचारतात. स्वतःची फर्म काढायची इच्छा चांगलीच आहे. पण 'एसीचं लायसन्स' नावाचा एकच कागद आपल्याकडे नाही. जागेचा कागद पंचायत देते, दुकानाची नोंद कामगार खात्यात होते, कराची जीएसटीकडे, आणि विजेच्या कामाचा परवाना वेगळाच. बाकीचे कागद चार फेऱ्या मारल्या की होऊन जातात. विजेचा परवाना लोक टाळतात, आणि पुढे अडकतात ते नेमके तिथेच. म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो, बाकीचं थोडक्यात.

आधी हातातली विद्या कागदावर आणा

गॅस चार्जिंग येतं, फ्लेअर म्हणजे तांब्याच्या पाइपाचं तोंड जोडणीसाठी पसरवणं चांगलं जमतं, एवढ्यावर घरगुती गिऱ्हाईक मिळतं. हॉटेल, बँक किंवा सरकारी ऑफिस मात्र पहिल्याच भेटीत प्रमाणपत्र मागतं. आयटीआयचा 'रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन' हा दोन वर्षांचा ट्रेड सगळ्यात भक्कम. शिक्षण अर्धवट सुटलं असेल आणि काम अनुभवातून शिकला असाल, तर इलेक्ट्रॉनिक्स सेक्टर स्किल कौन्सिलचा एसी फील्ड टेक्निशियनचा अभ्यासक्रम आहे. आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारी सोयही स्किल इंडियात असते. जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन विचारा, फोनवर नीट कळत नाही.

हे प्रमाणपत्र नसेल तर दुकान उघडता येत नाही असा कायदा नाही. तरी ते घ्याच. पुढे टेंडर भरताना किंवा कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर मागताना ते शोधत बसायची वेळ येते, आणि तेव्हा दोन महिने काढून परीक्षेला बसणं जमत नाही.

जागा: पंचायत किंवा पालिका

घरातून धंदा करणार असलात तरी एक पत्ता ठरवावा लागतो, कारण पुढचा प्रत्येक अर्ज त्याच पत्त्यावर जातो. गावात असाल तर ग्रामपंचायत, साखळी-म्हापशासारख्या ठिकाणी नगरपालिका, पणजीत महानगरपालिका. तिथून ट्रेड लायसन्स म्हणजे धंद्याचा परवाना घ्यायचा. अर्जासोबत साधारणपणे घरपट्टीची पावती, जागा भाड्याची असेल तर भाडेकरार आणि मालकाचा ना हरकत दाखला, आधार, पॅन आणि फोटो लागतात.

अर्ज द्यायच्या आधी घरपट्टी भरलेली आहे का ते बघा. भाड्याच्या गाळ्यात ही अडचण फार येते. गाळा आपण घेतो, डिपॉझिट देतो, रंग काढतो, बोर्ड लावतो, आणि अर्ज घेऊन गेलो की सेक्रेटरी शांतपणे सांगतो, "मालकाची तीन वर्षांची पट्टी थकली आहे." मालक मुंबईत किंवा पोर्तुगालमध्ये, फोन लागत नाही, आणि आपलं भाडं मात्र सुरू. गाळा घेण्याआधी मालकाकडून पट्टीची ताजी पावती हातात घ्या. ते बांधकाम दुकानासाठी मंजूर आहे की राहण्यासाठी, तेही विचारून घ्या.

पंचायतीत अर्ज बैठकीत ठेवला जातो, म्हणून बैठकीच्या तारखेआधी चार दिवस तो आत गेलेला बरा. अर्जाची दुसरी प्रत करून त्यावर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. इंग्रजी जमत नसेल तर मराठीत लिहा. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात सरकारी कामासाठी मराठीच्या वापराला जागा आहे, अर्ज मराठीत आहे म्हणून संकोच करायचं कारण नाही.

दुकान कायदा, उद्यम, बँक

हे तीन एकापाठोपाठ उरकून घ्या. गोवा, दमण व दीव दुकाने व आस्थापना कायदा, १९७३ याखाली कामगार खात्याकडे नोंदणी करायची. खात्याचं मुख्य ऑफिस पणजीला पाटो इथे श्रमशक्ती भवनात आहे, पण आपल्या भागाच्या कामगार निरीक्षकाकडे गेलं तरी चालतं. बरेचसे अर्ज आता 'गोवा ऑनलाइन' पोर्टलवरून जातात.

उद्यम म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी आधार आणि पॅनवर घरबसल्या होते आणि ती पूर्ण मोफत आहे. यासाठी कोणी हजार-पंधराशे मागत असेल तर देऊ नका. त्याच नावाशी मिळतंजुळतं नाव ठेवून पैसे उकळणाऱ्या खाजगी वेबसाइट आहेत. खरी साइट सरकारी आहे आणि तिचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन'ने संपतो, एवढं तपासा. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंत उलाढाल आणि अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक असलेला धंदा 'सूक्ष्म' गणला जातो, म्हणजे आपण सगळे त्यातच.

हे दोन कागद झाले की फर्मच्या नावाने करंट खातं उघडतं. एकट्याची फर्म असेल तर नावाची वेगळी नोंदणी लागत नाही. दोघे मित्र मिळून करत असाल तर भागीदारीचा करार लिहून रजिस्टर करा, मैत्री कितीही घट्ट असली तरी. आणखी एक गोष्ट बाहेरून येणाऱ्यांना ठाऊक नसते. गोव्यात लग्नानंतरच्या मालमत्तेचा कायदा वेगळा आहे. घर गहाण ठेवून कर्ज काढायचं तर नवरा-बायको दोघांची सही लागते. बँकेत जायच्या आधी घरात बोलून घ्या.

विजेचा परवाना: इथे घाई नको

धंदा सुरू करून दुसरं वर्ष असेल. बारदेशात समुद्राजवळच्या एका गेस्ट हाउसला सहा स्प्लिट बसवायचे होते. मालक म्हणाला, "लाइन पण तुम्हीच ओढा, दुसरा माणूस कशाला?" मला काम हवं होतं. ओळखीचा एक मुलगा वायरिंग करायचा, हात चांगला होता, परमिट नव्हतं. त्याने जुन्या बोर्डातूनच सहा पॉइंट काढले. ऑक्टोबरात सीझन लागला, पहिल्यांदा सगळ्या खोल्या भरल्या, आणि रात्री अकराला फोन आला.

मी बोर्डाचं झाकण काढलं तेव्हा न्यूट्रलच्या पट्टीवरचा स्क्रू निळा पडला होता आणि वायरचं आवरण बोट लावताच पापडासारखं तडकत होतं. भिंतीवर हातभर काजळी. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब. मालकाने विम्याचा दावा केला आणि सर्व्हेअर आला. त्याने मला दोनच गोष्टी विचारल्या: वायरिंग कोणत्या परवान्यावर झालं, आणि टेस्ट रिपोर्ट कुठं आहे. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. उरलेलं बिल गेलं, नवा बोर्ड मी पदरचे पैसे घालून बसवून दिला. त्या रात्री वरच्या खोलीत लहान मुलं झोपली होती, ते मला अजून आठवतं.

नियम काय सांगतो ते समजून घ्या. केंद्रीय वीज प्राधिकरणाचे सुरक्षा नियम आहेत, आधी २०१० चे होते, आता २०२३ चे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच किंवा घरगुती उपकरण बदलायचं आणि त्याने वीजजोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल, तर ते काम परवान्याशिवाय चालतं. याच्यापलीकडे नवी लाइन, वाढीव पॉइंट, बोर्डातला बदल असं काहीही असलं की ते परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या देखरेखीखाली आणि परमिट असलेल्या वायरमनकडून करून घ्यायचं.

म्हणजे तयार पॉइंटवरचा जुना दीड टनाचा एसी काढून तेवढाच नवा लावला, तर तुम्ही मोकळे. जिथे एसी नव्हताच तिथे नवी लाइन ओढून लावला, की तुम्ही विद्युत ठेकेदाराच्या कामात शिरलात. एसीवाल्यांची निम्मी कामं या दुसऱ्या प्रकारची असतात.

यात तीन कागद वेगवेगळे आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. वायरमन परमिट हाताने काम करणाऱ्याचं. सुपरवायझरचं सक्षमता प्रमाणपत्र देखरेख करणाऱ्याचं. ठेकेदाराचा परवाना फर्मचा. हे राज्याच्या वीज खात्याच्या लायसन्सिंग बोर्डाकडून मिळतात, चौकशी पणजीच्या विद्युत भवनात करा. ठेकेदाराचा परवाना मागताना फर्मकडे सुपरवायझर आणि वायरमन आहेत का, मेगर (वायरच्या आवरणातून वीज गळते का ते मोजणारा) आणि अर्थ टेस्टरसारखी तपासणीची यंत्रं आहेत का, हे बघितलं जातं. आयटीआयचं एसीचं प्रमाणपत्र वेगळं आणि वायरमन परमिट वेगळं. एक असलं म्हणून दुसरं आलं असं धरून चालू नका.

नवीन माणसाला माझा सल्ला असा: पहिली दोन वर्षं स्वतःचा परवाना काढायच्या मागे लागू नका. आपल्या तालुक्यातल्या एका चांगल्या परवानाधारक ठेकेदाराशी जमवून घ्या. लाइन, एमसीबी, अर्थिंग त्याने करायचं, टेस्ट रिपोर्ट त्याने द्यायचा, बिल त्याचं वेगळं. तुमच्या कोटेशनमध्ये एक ओळ कायम असू द्या: 'वीज पॉइंट ग्राहकाने परवानाधारक ठेकेदाराकडून करून द्यायचा आहे.' दरम्यान तुमच्यातल्या एकाला वायरमन परमिटच्या परीक्षेला बसवा. मात्र नुसता त्या ठेकेदाराचा परवाना क्रमांक वापरायचा, सही घ्यायची, आणि काम आपल्याच मुलाने उरकायचं, असं करू नका. काही झालं तर त्या सहीने ना तुम्ही वाचाल, ना तो.

याला जोडूनच मंजूर भाराचं. गिऱ्हाइकाचं वीजबिल मागून घ्या, त्यावर सँक्शन्ड लोड छापलेला असतो. साखळी-डिचोलीकडच्या जुन्या घरांत तो २ किलोवॅट असला तर नवल नाही. दीड टनाचा एक एसी साधारण दीड किलोवॅटच्या वर घेतो. दोन बसवले की तीनच्या पुढे गेलात, गीझर आणि मिक्सर अजून बाकीच आहेत. भार वाढवायचा अर्ज गिऱ्हाइकाने वीज खात्याकडे करायचा आणि त्यासोबत परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडायचा. हे काम सुरू करायच्या आधी सांगा. एसी बसल्यावर सांगितलं तर गिऱ्हाइकाला वाटतं की आपण पैसे वाढवतोय.

जीएसटी

सेवा देणाऱ्याची वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या वर गेली की गोव्यात जीएसटी नोंदणी सक्तीची. नुसता माल विकणाऱ्याला ४० लाखांची मर्यादा आहे, पण आपण एसी विकतो आणि बसवूनही देतो, त्यामुळे ती मर्यादा आपल्याला लागू नाही. २० लाखच लक्षात ठेवा. मे महिन्यात चार मोठी कामं आली की हा आकडा वाटतो त्यापेक्षा लवकर गाठला जातो. नोंदणीला सरकारी फी नाही.

एसीवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला. दुरुस्ती आणि एएमसी म्हणजे वर्षभराच्या देखभालीच्या करारावरही १८ टक्केच आहे, म्हणून बिल करणं आता सोपं झालं. हॉटेलवाले जीएसटी नंबर नसलेल्याला सहसा काम देत नाहीत, कारण त्यांना टॅक्सचं क्रेडिट हवं असतं. तेव्हा मोठ्या कामांकडे जायचं असेल तर २० लाखांची वाट न बघता स्वतःहून नोंदणी करता येते. मात्र एकदा केली की रिटर्न दर वेळी भरावाच लागतो, काम नसलं तरी. पहिल्या दिवसापासून एक हिशेबनीस ठेवा.

गॅस आणि सिलिंडर

सेंट्रल एसी सोडले तर आज आपल्या हातात मुख्यतः तीन गॅस येतात: जुन्या मशीनमध्ये आर-२२, मधल्या काळातल्यांत आर-४१०ए, नव्यांत आर-३२. आर-२२ ओझोनला मारक म्हणून मॉन्ट्रिअल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. त्यावर २००० सालच्या ओझोन नियमांचं बंधन आहे. जुन्या मशीनच्या दुरुस्तीसाठी तो अजून मिळतो, पण दरवर्षी पुरवठा कमी होत जाणार हे धरून गिऱ्हाइकाला सल्ला द्या. गॅस नेहमी बिलावर आणि सीलबंद सिलिंडरमधूनच घ्या. भेसळीचा गॅस कॉम्प्रेसर मारतोच, शिवाय त्यात ज्वलनशील काही मिसळलेलं असलं तर ब्रेझिंग म्हणजे ज्योतीने पाइप जोडताना जिवावर बेततं.

आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे. आर-२९० म्हणजे प्रोपेन, तो पूर्ण ज्वलनशील. आर-२२ च्या मशीनमध्ये स्वस्त पडतो म्हणून प्रोपेन किंवा स्वयंपाकाचा गॅस भरणारे लोक आहेत. त्यांच्या हाताखाली काम करत असाल तर ते काम सोडा. प्रेशर टेस्ट नायट्रोजननेच करायची. ऑक्सिजन लावला तर कॉम्प्रेसरमधल्या तेलाशी त्याचा संयोग होऊन स्फोट होतो, आणि यात माणसं गेली आहेत.

दुकानात चार-सहा सिलिंडर ठेवणारा छोटा धंदा वेगळा. घाऊक साठा करणार असाल तर २०१६ चे गॅस सिलिंडर नियम लागू होतात, आणि त्यातल्या मर्यादेपुढच्या साठ्यासाठी पेसो या केंद्रीय खात्याचा परवाना लागतो. गोदाम भाड्याने घेण्याआधी तिकडे विचारणा करा.

माणसं

दहा कामगार झाले की ईएसआय म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, वीस झाले की पीएफ. ईएसआयसाठी पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये आहे. नव्या माणसाला हे आकडे दूरचे वाटतात, पण कामगार दोनच असले तरी अपघाताची भरपाई मालकावरच येते. म्हणून दहा माणसं होईपर्यंत थांबू नका, पहिला हेल्पर ठेवला त्याच महिन्यात डब्ल्यूसी पॉलिसी म्हणजे कामगाराच्या अपघात-भरपाईचा विमा काढा. मुलगा सज्जावर उभा राहून तिसऱ्या मजल्यावरचा आउटडोअर खोलतो, पावसाने शेवाळ धरलेलं असतं, आणि आपण खालून "सांभाळून रे" एवढंच म्हणतो. कमरेचा नव्हे तर पूर्ण अंगाचा बेल्ट घ्या आणि तो घातल्याशिवाय खिडकीबाहेर पाय टाकू देऊ नका.

किनाऱ्यावरच्या गावांत तर याकडे जास्त लक्ष द्या. खाऱ्या हवेने आउटडोअरचे लोखंडी ब्रॅकेट आतून खाल्लेले असतात, बाहेरून रंग छान दिसतो. भार टाकण्याआधी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा.

जुना माल

काढलेला एसी भंगारवाल्याला देऊन दोन हजार सुटतात, हा आपल्या धंद्यातला जुना रिवाज. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांत एसी-फ्रिज दोन्ही येतात. असा माल नोंदणी असलेल्या रीसायकलरकडेच गेला पाहिजे. भंगारवाला पाइप कापतो तेव्हा उरलेला सगळा गॅस हवेत जातो. निदान पंप-डाऊन करून म्हणजे गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेऊन, मग तो काढून मगच मशीन द्या, आणि कोणाला दिलं त्याची पावती ठेवा. हॉटेलवाले ती पावती आता मागू लागले आहेत.

सरकारी कामं

सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कामांसाठी खात्याकडे ठेकेदार म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. तिच्यात वर्ग असतात आणि वर्गाप्रमाणे कामाची रक्कम ठरते. आधी केलेल्या कामांचे दाखले लागतात, म्हणून पहिल्या खाजगी कामापासूनच 'काम समाधानकारक झालं' असं लेटरहेडवर लिहून घ्यायची सवय लावा. टेंडर ऑनलाइन भरायला डिजिटल सही लागते. ऑफिसांच्या एएमसी बऱ्याचदा जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर येतात, तिथे उद्यम क्रमांक उपयोगी पडतो.

बिलातून टीडीएस म्हणजे आगाऊ आयकर कापला जातो, एकट्याची फर्म असेल तर १ टक्का. तो बुडत नाही, पण आयकराचा रिटर्न भरल्याशिवाय परतही येत नाही.

हात लावू नये अशी कामं

गोव्यात 'हीटिंग' म्हणजे गीझर आणि हॉटेलांतले हीट पंप, ते आपण करतो. पण हॉटेलच्या लाँड्रीत वाफेचा बॉयलर असतो आणि मॅनेजर सहज म्हणतो, "जरा हेही बघून घ्या." बॉयलर वेगळ्या कायद्याखाली येतो, पणजीच्या आल्तिनोवरच्या कारखाने व बॉयलर निरीक्षणालयाकडे त्याची नोंद असते आणि दुरुस्तीही मान्यता असलेल्यांनीच करायची असते. तसंच जेटीजवळच्या बर्फाच्या कारखान्यांचं. तिथे अमोनिया असतो, गळला तर श्वास कोंडतो. स्प्लिट एसीचा अनुभव तिथे कामाचा नाही. सरळ नाही म्हणा.

फाइल

एक प्लास्टिकची फाइल करा आणि ती गाडीतच ठेवा. ट्रेड लायसन्स, दुकान नोंदणी, उद्यम, पॅन, जीएसटी, कामगारांची प्रमाणपत्रं, डब्ल्यूसी पॉलिसी, आणि ज्याच्यासोबत काम करता त्या विद्युत ठेकेदाराच्या परवान्याची प्रत. पहिल्या पानावर प्रत्येकाची मुदत संपायची तारीख मोठ्या अक्षरात लिहा. माझी एक पॉलिसी जून महिन्यात संपली होती आणि मला ऑगस्टमध्ये कळलं. मधल्या आठ आठवड्यांत माझी मुलं वेर्ण्याच्या एका कारखान्याच्या छतावर चढत होती. तेव्हापासून मुदत संपायच्या महिनाभर आधीची तारीख मी घरच्या कालनिर्णयवर लाल पेनाने गोल करून ठेवतो, आणि चतुर्थीची सामानाची यादी करताना बायकोची नजर त्यावर आपोआप जाते.